हिरवा ठिपका

सकाळपासून तोझ.
फहाहीलच्या समुद्रापासून शाळेच्या फाटकापर्यंत
सगळं भाजलेल्या रव्याच्या रंगाचं.
रिफायनरीची ज्योत तेवढी मधूनच दिसते,
कुणी काडी ओढून लगेच विझवावी तशी.
अन्सारभाईंनी खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबलेत,
तरी बाकांवर धूळ आहेच,
बोटाने नाव लिहिता येईल इतकी.

प्रिचर्ड सर म्हणाले, पेपर शेजाऱ्याला द्या
आणि हिरवी पेनं काढा.
निळं लिहिणाऱ्याचं, लाल सरांचं,
हिरवं आम्ही एकमेकांवर चालवायचं.
(मला ते ‘तलावालीकर’ म्हणतात.
तळवलीकरांतला ळ त्यांच्या जिभेला सापडत नाही
आणि दोन वर्षांत मीही कधी शोधून दिला नाही.)

माझा पेपर गदीरकडे गेला, तिचा माझ्याकडे.
गदीर म्हणजे
जी माझ्या डब्यातलं थालीपीठ न विचारता तोडते
आणि वर सांगते, मीठ कमी आहे.

बरोबर. बरोबर. इथे अर्धा.
समीकरणाचा तोल एका हायड्रोजनने गेलेला,
तो गुण कापताना हात जरा जड झाला,
मग सवय झाली.

सातवा प्रश्न. किती घनसेंटिमीटर आम्ल लागलं?
फळ्यावर साडेबारा.
तिच्या कागदावर एक, दोन, ठिपका, पाच.
मी खूण करायला पेन टेकवणार
तेवढ्यात माझ्याच श्वासाने
ठिपका हलला.

धूळ होती.

खाली उरले सव्वाशे,
अख्ख्या ब्युरेटमध्ये मावणार नाहीत एवढे.
आणि तो कण पाचाच्या पलीकडे जाऊन बसला.
तिच्या आजोबांच्या आकड्यांत
ठिपका म्हणजे शून्य,
बकाल्यातल्या जुन्या बिलांवर असतं तसं.
तसं वाचलं तर साडेबाराशे.

वरच्या ओळीत तिने नीट लिहिलंय, पंचवीस भागिले दोन.
म्हणजे येत होतं.
घाईत राहिला असेल.
की लिहितानाच तो कण तिथे होता
आणि तिला वाटलं, दिलाय आपण?

बाबा मीना अब्दुल्लाला दाबमापकं तपासतात.
काटा केसभर ढळला तरी सही करत नाहीत,
यावरून एकदा साहेबाने
त्यांचं तिकीट काढायची भाषा केली होती.
आई अशा गोष्टीला धूळफेक म्हणेल.
पण इथे फेकली कुणी,
मी, तिने, की इराककडून येणाऱ्या वाऱ्याने?

मी ठिपका दिला.
हिरवा.
लपवायचाच असता
तर निळं पेन खिशात होतं.

पेपर परत गेला. गदीरने तो बराच वेळ पाहिला.
मग ठिपक्यावरून अंगठा फिरवला.
निघाला नाही.
काहीच बोलली नाही ती,
माझा पेपर माझ्यापुढे सरकवला. सतरा.
आठव्यात एक गुण उडालेला,
बाजूला तिच्या तिरक्या अक्षरात: एकक?
‘ग्रॅम की किलो?
मी काय तुझ्या डोक्यात शिरून बघू?’

बरोबर होतं तिचं.
तरी बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो,
जिच्यातून काहीच दिसत नव्हतं.

रात्री बाबा दारात बूट झटकत विचारतात, किती?
सतरा.
तपासले कुणी?
गदीरने.
मग बरोबरच असतील, म्हणतात,
आणि मोजे काढायला खाली वाकतात.

पेपर टेबलावर पडलाय.
सताराच्या ७ ला लागून
एक कण येऊन बसलाय, कुठून कोण जाणे.
तिच्या हिशेबाने एकशे सत्तर.
मी फुंकर मारत नाही.